नऊशे साठ माणसांचा मैल

मुकादमाचा उजवा हात त्याच्या ताब्यात नव्हता. मोटारीचा भोंगा वाजला रे वाजला, की तो आपोआप कपाळाकडे जायचा. तीस वर्षांची सवय होती ती. रस्ता परक्या सरकारचा, त्यावरून जाणारी मोटार परक्या साहेबाची, आणि मोटार दिसली की टोळीनं फावडी खाली ठेवून कडेला उभं राहायचं नि मुकादमानं सलाम ठोकायचा, असा नियमच होता. साहेब तो सलाम बघायचाच असं नाही, बहुतेक वेळा तो वर्तमानपत्रात डोकं घालून बसलेला असायचा. एकदा तर मोटारीत नुसता ड्रायव्हर आणि साहेबाचा कुत्रा होता, तरी सलाम झाला. मुकादमाची बायको ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. "झोपेतसुद्धा हात वर जातो हो यांचा," ती म्हणायची. "दोनदा माझ्या नाकावर बसलाय."

एरवी माणूस नाकासमोर चालणारा. सहा मैलांचा रस्ता त्याच्या ताब्यात होता आणि त्यातला खड्डा न् खड्डा त्याला पाठ होता. कुठली मोरी पावसाळ्यात तुंबते, कुठल्या वळणावर खडी सरकते, हे तो डोळे मिटून सांगायचा. त्याचा बापही याच रस्त्यावर दगड फोडून म्हातारा झाला होता. मोजण्यात तर मुकादमाचा हात धरणारा कुणी नव्हता. म्हणूनच तर शाळेतल्या बाई त्याच्याकडे आल्या.

बाई गेली दोन वर्षं स्वातंत्र्याच्या चळवळीत होत्या. दोनदा तुरुंगात जाऊन आल्या होत्या, आणि दोन्ही वेळा सुटल्यावर दुसऱ्या दिवशी शाळेत वेळेवर हजर झाल्या होत्या. शाळा सरकारी नव्हती म्हणून बरं. त्या दिवशी त्या मुकादमाच्या सरकारी खोलीत आल्या, चहा घेतला आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

"मुकादम, तुमच्याकडून एक आकडा हवाय. एका मैलात हातात हात घेऊन किती माणसं उभी राहतील?"

गोष्ट अशी होती की परक्या सरकारनं जगाला सांगितलं होतं, इथं स्वातंत्र्य मागणारे मूठभर लोक आहेत, बाकी जनता सुखात आहे. चळवळीनं ठरवलं, मूठभर म्हणजे किती ते दाखवूनच देऊ. बंदरापासून सरहद्दीपर्यंत तीनशे मैल रस्ता होता. रविवारी दुपारी बारा ते सव्वाबारा त्या सगळ्या रस्त्याच्या कडेनं माणसांनी हातात हात घालून उभं राहायचं. घोषणा नाही, दगड नाही, रस्ता अडवायचा नाही. कुणी मारलं तर हात सोडायचा नाही आणि उगारायचाही नाही. मध्ये दोरी, काठी, फडकं काही चालणार नाही, नाहीतर उद्या तेच म्हणतील की अर्धी माणसं होती आणि अर्धी दोरी.

"पण नेमका आकडा पाहिजे," बाई म्हणाल्या. "आपल्या मैलाच्या पुढे दलदल आहे. तिकडे वस्तीच नाही. इथं एक माणूस जास्त उभा केला, तर तिथं एक कमी पडतो."

मुकादमानं चहाचा कप खाली ठेवला. "आकडा देतो, बाई. पण मला उभं राहायला सांगू नका. चौदा महिन्यांवर पेन्शन आलीय, ही खोली सरकारची आहे, आणि परिपत्रक आलंय की जो नोकर रांगेत दिसेल तो घरी जाईल. आमचा हात दगडाखाली आहे."

"मी कुठं सांगितलं?" बाई म्हणाल्या.

बायको मात्र दारात उभी होती. ती म्हणाली, "मला पेन्शन नाही बाई. माझं नाव लिहा." मुकादमानं तिच्याकडे पाहिलं, आणि तिनं कपबशा उचलल्या.

दुसऱ्या दिवशी त्यानं टोळीच्या बारा जणांना हातात हात घालून रस्त्याच्या कडेला उभं केलं आणि टेप लावली. बारा माणसं, सहासष्ट फूट. माणशी साडेपाच. मैलाचे फूट पाच हजार दोनशे ऐंशी. त्यानं दोनदा हिशोब केला, तिसऱ्यांदा पडताळला आणि कागदाच्या तुकड्यावर लिहून बाईंना पाठवला: नऊशे साठ.

हिशोबात काही चूक नव्हती. चूक होती ती टोळीत. रस्त्यावरची माणसं ती! त्यांचे खांदे घमेली उचलून रुंद झालेले, हात फावडं मारून लांब झालेले. रोलरवाला तर इतका उंच, की रोलरच्या छपराला त्याचं डोकं लागायचं. तीस वर्षं मुकादमानं माणूस म्हणून मोजला तो हाच. माणूस म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे फावडं धरलेला गडीच यायचा. त्याची स्वतःची बायको त्याच्या छातीला लागायची, पण ती मोजात धरायची असते हे त्याच्या ध्यानीमनीही आलं नाही.

रविवारी सकाळपासून माणसं येऊ लागली. बैलगाड्यांतून, लॉऱ्यांतून, सायकलवरून, चालत. मुकादमाची टोळी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला खडी पसरत होती. रविवार असूनही सरकारनं सगळ्यांना कामावर बोलावलं होतं, म्हणजे रांगेत कोण जातंय ते कळेल. मुकादम कामाकडे बघण्याचं सोंग करत रांगेकडे बघत होता. आणि बघता बघता त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

गडी होते, नाही असं नाही. पण त्यांच्यामध्ये आज्या होत्या, काठी घरी ठेवून आलेल्या. शिवणकाम करून पाठीत वाकलेले शिंपी होते. एक आंधळे मास्तर होते. पोरंटोरं होती. एक बाई सात महिन्यांची गरोदर होती आणि नवरा तिला "तू बस, तू बस" म्हणत होता, आणि ती त्याला "तूच बस" म्हणत होती. मुकादमाची बायको पदर खोचून अशी उभी होती, जणू हा मैल तिनंच बांधलाय. रांग मैलाच्या दोन्ही टोकांकडून भरत मधल्या वळणाकडे येत होती. कुणी ढकलत नव्हतं. पोरांना शाळेतही इतकं नीट उभं राहिलेलं त्यानं पाहिलं नव्हतं. त्याला अभिमान वाटला. आणि त्याच वेळी त्याच्या मनात आकडे पडत होते, साडेचार, पावणेपाच, साडेचार.

अकरा वाजून वीस मिनिटांनी सगळी नऊशे साठ माणसं उभी होती आणि वळणावर रांगेला मोठं भगदाड होतं.

मुकादमानं टेप लावली नाही. त्याला नजरेनंच कळलं. तीनशे वीस फूट, म्हणजे आणखी साठेक माणसं. बाई धावत आल्या.

"मुकादम, हे काय झालं?"

"माझं चुकलं," तो म्हणाला. सबब सांगायची सवयच नव्हती त्याला. "मी टोळीच्या हातांनी मोजलं. आज्यांच्या हातांनी मोजायला हवं होतं."

बाईंनी दोन्हीकडे पाहिलं. शेजारच्या मैलांतून माणसं आणावीत, तर तिथंही ओढाताण होती. दलदलीकडून तर सकाळीच निरोप आला होता की आणखी दहा जण असतील तर पाठवा. कुणीतरी म्हणालं, शाली बांधू. कुणी म्हणालं, हात ताणा. लोकांनी हात ताणले. रांग थरथरली, दोन आज्या कळवळल्या, पण भगदाड जिथल्या तिथं होतं.

"तीनशे मैलांत एक भोक," बाई हळूच म्हणाल्या. "उद्या तेवढंच छापतील ते."

त्या मुकादमाला दोष देत नव्हत्या, आणि तेच त्याला सोसवेना. त्यानं वळणाकडे पाहिलं. हे वळण त्याला जन्मात आवडलं नव्हतं. रस्ता बनवणाऱ्या कुठल्याही माणसाला आवडलं नसतं. सपाट जमीन, ना डोंगर ना ओढा, आणि रस्ता उगाच बाजूला वळून, साहेबाच्या बंगल्याच्या आवाराला वळसा घालून पुन्हा जागेवर येत होता. बापानं त्याला सांगितलं होतं ते खरं कारण. पूर्वी रस्ता सरळ होता. मग पहिल्या साहेबानं त्या रस्त्याच्या कडेला बंगला बांधला, आणि बैलगाड्यांच्या खडखडाटानं त्याची दुपारची झोप मोडू लागली. तर साहेबानं झोप सोडली नाही, रस्ता वाकवला. सगळ्या गावानं चाळीस वर्षं वळसा घातला, का, तर एका माणसाला जेवल्यावर पडायचं होतं. जुना रस्ता आवारात गेला. वर माती टाकून हिरवळ लावली, पण खाली दगडांचा थर तसाच राहिला. उन्हाळ्यात त्या हिरवळीवर पुढच्या फाटकापासून मागच्या फाटकापर्यंत एक पिवळा पट्टा उमटायचा. माळी बिचारा पाणी घालून घालून थकायचा आणि मुकादम मनातल्या मनात हसायचा.

आत्ता उन्हाळाच होता.

"बाई," मुकादम म्हणाला, "वळण सोडा. सरळ गेलात तर दोनशे साठ फूट वाचतील."

"सरळ? आतून?" बाईंनी फाटकाकडे पाहिलं. त्याला हाताच्या पंजाएवढं कुलूप होतं. "नाही, मुकादम. कुणाचं काही मोडायचं नाही असं ठरलंय आपलं."

"मोडायचं कशाला?" मुकादमानं कमरेला हात घातला. आवाराच्या आतला रस्ताही त्याच्याकडेच होता, म्हणून दोन्ही फाटकांच्या किल्ल्या त्याच्या कमरेला असायच्या. साहेबांचा विश्वास होता त्याच्यावर. "किल्ली आहे."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "मुकादम, तुम्ही रांगेत उभं राहणार नव्हता."

"रांगेत कुठं उभा राहतोय? फाटक उघडतोय."

हा माणूस स्वतःला फसवत होता हे त्यालाही कळत होतं आणि बाईंनाही. रांगेत दिसला तर नोकरी गेली असती. साहेबाचं फाटक चळवळीला उघडून दिल्यावर काय काय गेलं असतं, त्याची परिपत्रकात सोयसुद्धा नव्हती. त्यानं आधी मागचं फाटक उघडलं, मग पुढचं. तीस वर्षांत त्यानं किल्ली कधी चुकीच्या बाजूनं घातली नव्हती, ती आज दोनदा घातली.

माळी धावत आला. "अहो मुकादम! वेड लागलं का?"

"जुन्या रस्त्यावर उभे राहतील. फक्त पिवळ्या पट्ट्यावर."

माळ्यानं पट्ट्याकडे पाहिलं, आत येणाऱ्या आज्यांकडे पाहिलं आणि तो ओरडला, "माझ्या वाफ्यात पाय पडला कुणाचा तर याद राखा!" कुणाचाच पडला नाही. सहा वर्षांची पोरं फुलांच्या कडेनं पाय उचलून उचलून चालली. पंधरा मिनिटांत वळणावरची रांग आत आली आणि साहेबाच्या हिरवळीच्या मधोमध, जिथं चाळीस वर्षांत गावातलं माणूस फिरकलं नव्हतं, तिथं सरळ उभी राहिली. मुकादमाला वाटलं, आज बाप बघायला पाहिजे होता.

तरी साठेक फूट उरलेच, पुढच्या फाटकापाशी. रांगेचं एक टोक रस्त्याकडून फाटकापर्यंत आलं होतं, दुसरं आतून हिरवळीवरून. मध्ये दहाअकरा माणसांची मोकळी जागा. बारा वाजायला सात मिनिटं होती.

रस्त्याच्या पलीकडे टोळी फावडी धरून उभी होती. केव्हाची उभी होती, काम केव्हाच थांबलं होतं. मुकादम त्यांना काही बोलला नाही. ज्याच्या हाताखाली माणसं पोट भरतात, त्यानं त्यांना पोटावर पाय द्यायला सांगू नये, एवढं त्याला कळत होतं. त्यानं फक्त तिकडे पाहिलं.

रोलरवाल्यानं फावडं खाली ठेवलं. नीट, आडवं, जसं मोटार आली की ठेवायचे तसं. मग रस्ता ओलांडून आला आणि आपला लांबलचक हात एका शिंप्याच्या हातात दिला. त्याच्या मागून दुसरा आला, तिसरा आला. बारांतले नऊ आले. तिघं तिथंच राहिले. त्यांच्या घरी खाणारी तोंडं जास्त होती, आणि त्यांना कुणी, तेव्हाही नाही आणि पुढेही नाही, एका शब्दानं बोललं नाही. दहावा आला तो माळी. "उभंच राहायचं होतं, इथं राहतो. वाफ्यांवर लक्ष तरी राहील," असं तो आपलं आपल्याशीच पुटपुटला.

मग एका माणसाची जागा राहिली, फाटकाच्या दोन खांबांच्या मधोमध.

जागेच्या एका बाजूला रोलरवाला होता आणि दुसऱ्या बाजूला मुकादमाची बायको. ती तिथं कशी आली ते विचारू नये. पाव मैल लांब उभी होती ती, आणि पाव मैल माणसांना सरकवत, "जरा पुढे व्हा, माझं माणूस तिकडे आहे," असं म्हणत आली होती. तिनं आयुष्यात प्रथमच काही बोलायचं टाळलं. डावा हात नुसता पुढे करून उभी राहिली.

मुकादमानं किल्ल्यांचा जुडगा कमरेचा काढला, फाटकाच्या खिळ्याला अडकवला आणि जागेवर जाऊन उभा राहिला. डावा हात रोलरवाल्याच्या हातात, उजवा बायकोच्या. त्याच्या हाताला तिच्या हाताची हाडं लागली. एवढासा होता तो हात. साडेचार फुटांचं माणूस, त्याच्या मनात आलं.

बारा वाजले. बाईंनी हातातल्या घड्याळाकडे पाहून मान हलवली आणि सगळीकडे शांतता पसरली. बंदरापासून सरहद्दीपर्यंत माणसाला लागून माणूस उभा होता आणि कुणी ओरडत नव्हतं, कुणी रडत नव्हतं. दलदलीतही लोक गुडघाभर चिखलात उभे होते, हे मागाहून कळलं. हाती काही न घेता एवढा मोठा देश नुसता उभा राहू शकतो, हे मुकादमाला त्या दिवसापर्यंत कुणी सांगितलं असतं तर त्यानं विश्वास ठेवला नसता.

बारा वाजून चार मिनिटांनी भोंगा वाजला.

साहेबाची मोटार. तो पाहणी करत करत जेवायला बंगल्यावर येत होता. मोटार वळणापर्यंत आली, मंद झाली आणि फाटकासमोर, मुकादमापासून चार हातांवर येऊन थांबली. ड्रायव्हरनं पुन्हा भोंगा वाजवला.

मुकादमाचा उजवा हात हलला. सगळ्या शरीरानिशी हलला. दंडातली नस ताठ झाली, कोपर वाकू लागलं. तीस वर्षं त्या हातानं कुणाला विचारलं नव्हतं, आताही विचारलं नाही. बायकोला तो झटका कळला. तिच्याइतका तो हात कुणाच्याच ओळखीचा नव्हता. तिनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, आणि आपली बोटं सैल सोडली. धरून ठेवलं नाही. उद्या कुणी म्हणायला नको की बायकोनं अडवला. नऊशे एकाहत्तर माणसांच्या रांगेत त्या घडीला एवढाच एक हात सुटू शकत होता.

मुकादमानं तिची बोटं घट्ट आवळली. इतकी, की ती "अगंबाई" म्हणाली.

साहेब मोटारीतून उतरला. लाल झाला होता. त्यानं उघड्या फाटकाकडे पाहिलं, हिरवळीवरच्या रांगेकडे पाहिलं आणि मग मुकादमाकडे.

"फाटक कुणी उघडलं?"

"मी उघडलं, साहेब."

"आणि सलाम? सलाम विसरलास?"

"विसरलो नाही, साहेब," मुकादम म्हणाला. आवाज त्याचा नेहमीचाच होता, खड्ड्यांचा अहवाल देतानाचा. "हात मोकळे नाहीत."

साहेब काही बोलणार होता. पण त्याची नजर मुकादमाच्या डावीकडे गेली, मग उजवीकडे, आणि दोन्हीकडे ती कुठं थांबेना. जिथवर रस्ता दिसत होता तिथवर माणसं होती आणि सगळी त्याच्याकडे शांतपणे बघत होती. त्यानं टोपी काढून घाम पुसला आणि मोटारीत जाऊन बसला. दहाएक मिनिटं तो आपल्याच फाटकाबाहेर उन्हात बसून होता. वर्तमानपत्र उघडलं नाही.

सव्वाबारा झाले. बाईंनी मान हलवली. तीनशे मैल हात सुटू लागले, आज्या खांदे चोळू लागल्या, पोरं पाण्यासाठी पळाली. माळी पहिला आपल्या वाफ्यांकडे धावला. रोलरवाल्यानं हात सोडला आणि बाहीनं डोळे पुसले. खोली आठ दिवसांत रिकामी करायला लागणार होती, पेन्शनच्या नावानं पाणी सोडायचं होतं, आणि मुकादमाला हे सगळं फावड्याच्या दांड्यासारखं स्वच्छ दिसत होतं. तरी त्याला हलकं वाटत होतं.

"सोड आता," तो बायकोला म्हणाला. "झाली वेळ."

"थांबा जरा," ती म्हणाली आणि दुसरा हातही त्याच्या उजव्या हातावर ठेवला. "मोटार अजून गेली नाही."